आवाज काढू नको म्हणाले होते

आपा, तुम्ही मराठी आमच्यासारखीच बोलायच्या, पण तुम्हाला ती वाचता येत नव्हती. केसपेपर इंग्रजीत वाचायच्या, कराचीहून भावाची पत्रं यायची ती उर्दूत, आणि दवाखान्याच्या भिंतीवर नवी मराठी पाटी लागली की आम्हा पोरींपैकी कुणालातरी धरून वाचून घ्यायच्या. म्हणजे तुम्ही हयात असतानाही हे पत्र मलाच तुमच्यासमोर बसून वाचावं लागलं असतं. ते मला जमलं नसतं. आता तुम्ही नाही, तर निदान लिहिता तरी येतंय.

फुलंब्रीजवळच्या आमच्या खेड्यातून मी नर्सिंगच्या ट्रेनिंगला आले तेव्हा अठराची होते. पाटलाच्या घरच्या पोरीनं परक्या बायांची घाण काढायची, या विचारानं वडील महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते. आईनं पत्र्याच्या पेटीत दोन लुगड्यांची गोधडी आणि शेंगदाण्याची चटणी भरून दिली आणि एसटीपर्यंत एकटीच सोडायला आली. पहिल्या दिवशी आम्हा बारा जणींना तुमच्यापुढं उभं केलं. तुम्ही उंच, सडसडीत, पांढऱ्या साडीचा पदर डोक्यावरून घेतलेला, तोंडात लवंग. निजामाच्या काळात हैदराबादेत तुमचं शिक्षण झालेलं. सगळा दवाखाना तुम्हाला आपा म्हणायचा, डॉक्टरसुद्धा. तुम्ही आम्हाला लेबर रूममध्ये नेलं. चार टेबलं, आणि प्रत्येक दोन टेबलांमध्ये हिरवा पडदा. ते पडदे तुम्ही स्वतः घरी शिवून आणलेले होते, कारण अर्ज करून करून तुम्ही थकल्या होत्या. तुम्ही एका टेबलावरची चादर उचलून आम्हाला दाखवली आणि म्हणाल्या, "बेटी, पहिलं काम हे. बाई आली की आधी तिला झाकायचं. मग बाकी सगळं. आणि हात लावायच्या आधी विचारायचं. तिचं बदन हाय ते, तुमची फळी नाय."

आम्ही हसलो होतो, आपा. फळी या शब्दाला.

दुसऱ्या वर्षी माझ्याकडून जे झालं ते तुम्हाला आठवत असेल. दुपारची वेळ. पडेगावहून आलेली एक बाई तपासायला टेबलावर घेतली होती आणि ती गुडघे आवळून धरत होती, काही केल्या सोडत नव्हती. मी म्हणाले, "कर की पाय वर, इथं काय लाजतीस? घरी नाय लाजलीस." बाजूच्या दोन पोरी फिसकन हसल्या. तुम्ही दारात होत्या. तुम्ही त्या बाईसमोर मला एक शब्दही बोलल्या नाहीत. तिच्या उशाशी गेल्या, तिच्या कपाळावरचे केस मागं सारले, काहीतरी हळू बोलल्या, आणि तिनं आपसूक गुडघे सोडले. ती बाळंत होऊन वॉर्डात गेली. खोली रिकामी झाली. मग तुम्ही मला म्हणाल्या, "झोप टेबलावर."

मी झोपते. तुम्ही माझे पाय त्या लोखंडी कड्यांमध्ये अडकवता. माझ्या अंगावर पूर्ण युनिफॉर्म आहे, पण आता सगळं उघडं पडल्यासारखं वाटतंय. तुम्ही दार सताड उघडता आणि निघून जाता. बाहेरून बादली घेऊन झाडूवाली जाते, ती थांबून बघते. वॉर्डबॉय जातो. डॉक्टरकी शिकणारी दोन पोरं जातात, त्यातला एक मागं वळून बघतो. मी छताकडं बघते. छताला पोपडे आलेत. मला उतरता येतं, कुणी बांधलेलं नाही, पण उतरायची हिंमत होत नाही. किती वेळ गेला कोण जाणे. तुम्ही परत आल्या, पाय सोडवले, हाताला धरून बसवलं. मी रडत होते. तुम्ही विचारलं, "कसं वाटलं?" मी युनिफॉर्म गुडघ्यांवर ओढत राहिले. तुम्ही म्हणाल्या, "तुझ्या अंगावर कपडे होते. तुला कळा येत नव्हत्या. आणि आपा इथंच कुठंतरी हाय, हे तुला माहीत होतं. त्या बाईकडं यातलं काय होतं?" मग म्हणाल्या, "चमडी फाटली तर मी टाके घालते. शरम फाटली तर तिला टाके नाय पडत."

आठ दिवस मी तुमचा राग राग केला. नवव्या दिवशी तुम्ही मला घरी जेवायला बोलावलं. जुन्या शहरातल्या त्या गल्लीत दोन खोल्या, मागं एवढंसं स्वयंपाकघर, त्यात रॉकेलचा स्टोव्ह. तुम्ही खिचडी केली होती आणि चिंचेचा, तिळाचा खट्टा. मी पाटावर बसून जेवत होते आणि तुम्ही पापड भाजत होत्या. मी विचारलं, "आपा, तुमच्या घरचे सगळे तिकडं गेले, तुम्ही का नाही गेल्या?" तुम्ही पापड उलटवला. म्हणाल्या की पोलीस ॲक्शननंतरचे दिवस होते. गावोगावची खबर यायची आणि भाऊ रात्रंदिवस दाराला कडी लावून बसायचा. शेवटी त्यानं ठरवलं, मनमाडच्या गाडीनं मुंबई, तिथून जहाज. टांगा घेऊन तो दवाखान्याच्या दारात आला. "माझ्याकडं टेबलावर एक पहिलटकरीण होती. मराठ्याची पोर, सोळा-सतराची. तिनं माझा हात धरलेला. मी भावाला निरोप दिला, हिची सुटका होऊ दे, येते. पहिलटकरणीला घाई करता येते का? संध्याकाळ झाली. गाडी गेली." मी विचारलं, "मग दुसऱ्या दिवशी?" तुम्ही हसल्या. "दुसऱ्या दिवशी दुसरी होती."

एवढंच. त्यावर तुम्ही कधी उसासा टाकला नाही. भावाचं पत्र आलं की तुम्ही ते वाचून घडी घालून पिशवीत ठेवायच्या आणि ड्यूटीवर उभ्या राहायच्या.

तुम्ही रिटायर झाल्या त्या दिवशी मी तिथंच स्टाफ नर्स होते. निरोपाचा कार्यक्रम झाला, हार झाले. सगळे गेल्यावर तुम्ही तुमचं ते बुटकं लाकडी स्टूल माझ्या हातात दिलं. बाईच्या उशाशी बसायला तुम्ही ते वापरायच्या. "उभं राहून बोललं की बाईला वाटतं, ही आता निघाली," तुम्ही म्हणाल्या. "बसलं की तिला वाटतं, ही थांबणार." दोनेक वर्षं मी त्यावर बसले. खरं सांगते, बसले. मग टेबलं चारच राहिली आणि बाया वाढल्या. एका खाटेवर दोघी, कधी जमिनीवर सतरंजीवर. पडदे एकदा धुवायला गेले ते परत आलेच नाहीत. मी अर्ज केला, एकच केला. स्टुलावर सलाईनची खोकी आली, आणि मग बसायचं म्हटलं तर ती खोकी कुठं ठेवायची हा प्रश्न होता.

आता जे सांगायचंय ते सांगते.

वैशाखातली दुपार होती. तुम्हाला जाऊन, म्हणजे रिटायर होऊन, सहा-सात वर्षं झालेली. माझी सलग दुसरी ड्यूटी होती, कारण दुसरी सिस्टर आलीच नव्हती. घरी माझा धाकटा तापानं फणफणलेला. नऊ बाया होत्या आणि आम्ही दोघी, एक मी आणि एक आया. हे सगळं मी सबब म्हणून सांगत नाही असं म्हणणार होते, पण सबब म्हणूनच सांगतेय. सोयगावकडून एक बाई आली. बावीस-तेवीसची असेल. सोबत फक्त तिची आई. पहिलं मूल घरीच झालेलं. या वेळी गावात येणाऱ्या नर्सबाईनं घरी येऊन येऊन सांगितलेलं, घरी जिवाला धोका असतो, दवाखान्यात जा, तिथं सगळं असतं. म्हणून त्या दोघी पहाटेच्या एसटीत बसून, दोन ठिकाणी गाडी बदलून आल्या होत्या. आईला मी बाहेर काढलं. आईनं दारात विचारलं, "बाई, मी हिच्या जवळ बसू का? ही लई भेदरट हाय." मी म्हणाले, "इथं गर्दी करायची नाही," आणि दार लावून घेतलं.

ती ओरडत होती. सगळ्याच ओरडतात, पण तिचा आवाज मोठा होता. "माय गं, मेले गं माय, माय गं." शेजारच्या टेबलावरची घाबरून जोर सोडायला लागली. मी सोयगावच्या बाईला दोनदा गप्प राहायला सांगितलं. तिसऱ्यांदा मी तेच बोलले, जे तुम्ही मला एकदा बोलताना ऐकलं होतं, त्याहून घाण. तिनं कळ आली तशी लाथ झाडली आणि माझ्या हातातला ट्रे खाली गेला. कात्री, चिमटे, सगळं फरशीवर. आता ते परत उकळायला टाकावं लागणार होतं.

मी तिच्या मांडीवर मारलं, आपा. एकदा नाही, दोनदा. पंजा उघडा ठेवून, पूर्ण जोरानं. माझी पाच बोटं तिच्या कातडीवर उमटली. आणि मी म्हणाले, "आता आवाज काढू नको. परत आवाज काढलास तर अशीच टाकून जाईन."

ती गप्प झाली. एकदम. पदराचा बोळा तोंडात धरला आणि माझ्याकडं बघत राहिली. पुढच्या सगळ्या कळा तिनं तशाच सोसल्या. मला आठवतंय, माझ्या मनात आलं होतं, बघा, एक रट्टा दिला की होतं सरळ. मुलगी झाली. चांगली रडली, चांगलं वजन. वार पडली. मी इंजेक्शन दिलं. टेबल लागणार होतं म्हणून तिला आयाच्या मदतीनं उठवून भिंतीकडच्या खाटेवर नेऊन झोपवलं आणि मी शेजारच्या टेबलाकडं वळले, कारण तिथं मूल अडलं होतं.

दर पंधरा मिनिटांनी जायचं, पोटावर हात ठेवून बघायचं, अंगावरून किती जातंय ते कपडा उचलून बघायचं. हे तुम्ही आम्हाला किती वेळा घोकून घेतलं असेल. मी गेले नाही. मी मान वळवून बघितलं, ती शांत पडली होती. दुसऱ्या बाया काही झालं की हाक मारतात. सिस्टर, गरगरतंय. सिस्टर, कसंतरी होतंय. तिची हाक नाही म्हणजे ती बरी आहे असं मी धरलं. तासभर गेला असेल. आया पोछा मारायला त्या बाजूला गेली आणि तिथूनच ओरडली, "बाई, इकडं या! खाटंखाली बघा!"

मी धावले. चादर उचलली. मी काय पाहिलं ते लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे ते कसं दिसतं. मी दोन्ही हातांनी तिचं पोट दाबत होते, आयाला डॉक्टरकडं पिटाळलं होतं, आणि मी तिच्यावरच ओरडत होते, "सांगितलं का नाहीस? अगं, हाक का नाही मारलीस?" तिचे ओठ पांढरे पडले होते. ती म्हणाली, अगदी हळू, जणू कुणाची झोपमोड होऊ नये, "तुमी म्हन्ल्या व्हत्या ना, आवाज काढू नको." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मला वाटलं, दवाखान्यात असंच असतंय."

डॉक्टर आले. जे करायचं ते सगळं झालं. रक्त आलं, ते चढायलाही लागलं. ऊन उतरायच्या आत ती गेली.

बाहेर तिची आई बसली होती, भिंतीला टेकून, नात मांडीवर. मला बघून उठली आणि हसली. "माही लेक ओरडायची थांबली तवाच मी देवाला हात जोडले," ती म्हणाली. "म्हन्लं, सुटली." मी तिला सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. मला वाटलं ती माझ्या अंगावर येईल, छाती बडवेल, दगड उचलेल. मी त्याची वाटच बघत होते. ती खाली बसली, नातीचं दुपटं सारखं केलं, आणि मग तिनं वाकून माझ्या पायाला हात लावला. म्हणाली, "तुमी तरी काय करनार, बाई. तुमी लई केलं."

केसपेपरवर मी लिहिलं ते सगळं खरं होतं. किती वाजता बाळंत झाली, किती वाजता रक्तस्राव लक्षात आला, कोणतं इंजेक्शन, किती वाजता डॉक्टर. चौकशीत दोन प्रश्न विचारले गेले आणि तेही रक्त किती वेळानं आलं याबद्दल. मारल्याचा रकाना केसपेपरवर नसतो. आयाला सगळं माहीत होतं. ती पुढं बारा वर्षं माझ्यासोबत होती, एका अक्षरानं बोलली नाही. तिलाही त्यात वेगळं काही वाटलं नसेल.

आठवड्यानं मी तुमच्याकडं आले. तुम्हाला सांगायलाच आले होते. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण स्वयंपाकघरात तुमचे हात सगळं शोधून काढायचे. तुम्ही मला चेहऱ्यावरून ओळखलं नाही, चपलांच्या आवाजावरून ओळखलं. जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणाल्या. मी ताटापुढं बसले. तुम्ही विचारलं, "पडदे हाएत ना अजून? फाटले असतील."

"हौ आपा, आहेत. नवे लावले."

"अच्छा. आणि बायांवर कुणी हात तर नाय उचलत?"

तुम्ही हे का विचारलं? तुमच्या कानावर काही आलं होतं का? की तुम्ही प्रत्येकीला विचारायच्या? मी आजपर्यंत याचा विचार करते. त्या वेळी माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. मी म्हणाले, "नाही आपा. तुम्ही शिकवलं तसंच चाललंय."

तुमचा चेहरा उजळला. तुम्ही माझ्या ताटात अजून एक डाव खिचडी वाढली, चाचपडत, थोडी बाहेर सांडली. मग थांबून म्हणाल्या, "तू खात नाय. काय झालं?"

"डबल ड्यूटी आहे. दमले."

"मग खा आणि इथंच घटकाभर झोप," तुम्ही म्हणाल्या. आणि मी झोपले, आपा. तुमच्या चटईवर, तुम्ही अंगावर टाकलेल्या चादरीखाली. त्या आठ दिवसांत पहिल्यांदा मला झोप लागली. खोटं बोलून झाल्यावर.

तुम्ही गेल्या तेव्हा मी आले होते. पुरुष तुम्हाला घेऊन गेले आणि मी बायांमध्ये बसले. एक म्हातारी म्हणाली, "मेरी चारों जचगी आपाने की. कभी ऊँची आवाज में नहीं बोली." दुसरीनं मला विचारलं, "तुम्ही कोण?" मी सांगितलं, मी त्यांच्या हाताखाली शिकले. त्या सगळ्या सरकल्या आणि मला मधे जागा करून दिली. मी तिथं फार वेळ बसू शकले नाही.

त्या दिवसानंतर मी कधीही हात उचलला नाही, असं लिहिता आलं असतं तर हे पत्र लिहायला सोपं गेलं असतं. वर्षभर नाही उचलला. वर्षभर मी प्रत्येक बाईची चादर उचलून बघायची, दर पंधरा मिनिटांनी. मग एका सकाळी कुणीतरी जोर लावेना आणि बाळाचे ठोके उतरायला लागले, आणि माझा हात गेला. मूल वाचलं. बाई हसत घरी गेली. त्यानंतर मोजणं मी सोडून दिलं. इन्चार्ज झाले तेव्हा माझ्यासमोर पोरी मारायच्या आणि मी रजिस्टरमध्ये डोकं घालायची. कुणाला टेबलावर झोपवून दार उघडं टाकायचं धैर्य माझ्यात नव्हतं. ते करायला आधी स्वतःचे हात स्वच्छ लागतात.

मी रिटायर होऊनही आता बरीच वर्षं झाली. शहराचं नाव बदललं, पाट्यांवर आता छत्रपती संभाजीनगर असतं. तुमच्या गल्लीत मोबाईलची दुकानं आलीत. मागच्या महिन्यात दवाखान्यातून फोन आला. लेबर रूम नवी केली आहे, गुलाबी रंग, फरशा, एसी. बाळंतिणीला सन्मानानं वागवण्याबद्दल ट्रेनिंग आहे, जुन्या सिस्टर म्हणून चार शब्द बोला, म्हणाले. मी गेले. भिंतीवर मोठा फलक आहे: आदरानं वागवलं जाणं हा तुमचा हक्क आहे. सोबत कुणीतरी जवळचं माणूस ठेवणं हा तुमचा हक्क आहे. तपासण्याआधी तुमची परवानगी घेतली जाईल. तुमच्यावर ओरडलं जाणार नाही, हात उचलला जाणार नाही. मी तो दोनदा वाचला. तुमच्या वेळी हक्क हा शब्द कुणी वापरत नव्हतं, तुम्ही अदब म्हणायच्या. पण एकूण एक ओळ तुमचीच होती. फलकाखाली एक पोटुशी बाई जमिनीवर बसली होती. तिला वाचता येत होतं की नाही कोण जाणे. आणि हॉलकडं जाताना बंद दाराआडून मला आवाज ऐकू आला, तरण्या पोरीचा, "घरी नाय लाजलीस ना? आता कशाला बोंबलतीस?" शब्दसुद्धा तेच. तुम्ही गेल्या, मी गेले, भिंती बदलल्या, आणि ते वाक्य तेवढं कुणी न शिकवता एकीकडून दुसरीकडं जात राहिलं.

मला शाल दिली. मी तुमच्याबद्दल बोलले. पडद्यांबद्दल, मनमाडच्या गाडीबद्दल, टेबलावर झोपवल्याबद्दल. पोरी टाळ्या वाजवत होत्या, एक-दोघींनी डोळे पुसले. मग शेवटच्या रांगेतली एक उठली. किडकिडीत, डोळ्यांखाली काळं. म्हणाली, फुलंब्रीहून रोज येऊन-जाऊन करते. "मॅडम, एक विचारू का? तुमचा हात कधी उठला का?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणाले, "नाही. आमच्या आपांनी तसं शिकवलंच नव्हतं." पुन्हा टाळ्या झाल्या. तुमच्या नावावर, आपा.

चहा झाला. मी रिक्षाची वाट बघत फाटकाशी उभी होते. ती पोरगी मागून आली. इकडं तिकडं बघून म्हणाली, "मॅडम, माझा उठतो. काल बी उठला. घरी गेल्यावर झोप नाय येत, मग सकाळी परत तेच. तुम्ही एवढी वर्षं केलं, मला वाटलं तुम्ही हो म्हणाल. मग विचारलं असतं, कसा थांबवायचा."

मी काय म्हणाले असेन? मी तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाले, "अनुभवानं येतं गं सगळं." मग कार्यक्रमाच्या पत्रिकेवर तिनं तिचा फोन नंबर लिहून दिला. म्हणाली, कधी वेळ असला तर. आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून पळत आत गेली.

तिला कसा थांबवायचा ते मला माहीत नाही, हे खरं आहे. पण तिनं आधी तेवढंच विचारलं होतं, उठला का. त्याचं उत्तर मला माहीत होतं.

हे पत्र मी कुठं टाकणार? तुमच्या कबरीवर ठेवलं तर कुणीतरी वाचेल, म्हणून तेही करणार नाही. ते कपाटात जाईल आणि माझ्यामागं सुना रद्दीत घालतील. महिना झाला. नंबर माझ्याजवळ आहे. दोनदा मी सगळे आकडे दाबले आणि रिंग जायच्या आत फोन ठेवला. तिनं उचललाच असता, म्हणून.